करकर बंद झाली तेव्हापासून

१४ नोव्हें., शुक्र.
आज पुन्हा तेच. ऑनलाइन क्लासमध्ये भागाकार रंगात आला होता आणि ती दोन वेण्यांची पोरगी म्हणाली, टीचर, तुमच्याकडे कोणीतरी दार उघडतंय. दार बंद होतं. मी मान वळवली की करकर, वहीत बघायला वाकले की करकर. आधी खुर्चीवर संशय. खुर्ची सोडून पलंगावर बसले, तरी चालूच. मग वाटलं, माझीच मान वाजते की काय. तिशीतच? शेवटी हेडफोन काढून हातात वाकवला तेव्हा चोर सापडला. डोक्यावरची पट्टी आणि कानाची वाटी जिथे जोडलीय तो सांधा. एक नाही, दोन्ही बाजूंचे.
क्लासच्या मॅडमचा मेसेज: पालकांची तक्रार आहे, आवाजाचं बघा, महिनाअखेर तुम्हाला पक्कं करायचं की नाही ते ठरेल. म्हणजे बी.एड. केलं, इंटरव्ह्यू दिला, आणि नोकरी लटकली प्लास्टिकच्या सांध्याला.

१५ नोव्हें., शनि.
स्टेशन रोडच्या मोबाइलवाल्याकडे जाऊन आले. त्याने दोनदा वाकवून पाहिला. "वैनी, नवाच घेऊन टाका." म्हटलं, अरे आवाज छान आहे, नुसता सांधा वाजतो. "मंग जोरात लावायचा. करकर ऐकूच न्हाई येनार." माझ्या नाही रे, मुलांच्या कानात जाते! धन्य आहे.
घरी येऊन शिलाई मशीनचं तेल घातलं, दोन थेंब. करकर गेली. आपणच शहाणे.

१७ नोव्हें., सोम.
शहाणपण दोन दिवस टिकलं. तेलावर धूळ बसली, आता करकरीच्या जोडीला कुचकुच. तेल पुसून पावडर भरली. काळ्या ड्रेसवर पांढरा सडा पडला. मुलं हसून हसून पडली, भागाकार राहिला बाजूला.
दुपारी क्लास संपवून हेडफोन काढते न काढते तोच दाराबाहेर सासरे, आमचे मामा, खाकरले. "हरभरा उगवला म्हनं तिकडं. धाकट्याचा फोन आल्ता." मी म्हटलं, हो का. ते गेले.
एक कळत नाही. सासरे बरोबर मी मोकळी झाले की येतात. क्लास चालू असताना एकदाही नाही. ह्यांना विचारलं तर म्हणाले, बाबाला घड्याळ कळतं. पण माझ्या क्लासच्या वेळा रोज वेगळ्या! सासूबाई गेल्या तेव्हापासून मामा पिंपळगावचं घर धाकट्या दिरावर सोडून इथे परतूरला आमच्याकडे आहेत. हे जालन्याच्या कारखान्यात, दिवसभर घरात आम्ही दोघंच. आणि बोलणं हे असं, हरभऱ्याएवढं.

१९ नोव्हें., बुध.
कानाची गादी काढली. खाली दोन बारीक स्क्रू. पेचकस मोठा, म्हणून चाकूच्या टोकाने फिरवले. घट्ट केले तर वाटी हलेना, एक कान उघडाच. सैल केले तर वाटी लोंबायला लागली. मधलं काही नाहीच. वाजतो तो स्क्रू नाही, प्लास्टिकवर प्लास्टिक घासतं, एवढं समजलं. समजून उपयोग काय. रडू आलं, त्याहून जास्त राग.
मामा पाणी प्यायला आले. "काय उघडून बसली, पोरी?"
सांगितलं. नोकरीचंही सांगितलं. त्यांनी हेडफोन हातात घेऊन हळूहळू वाकवला, कानाशी नेऊन ऐकला. खूप वेळ. मग आपल्या पेटीतून पांढरी टेप आणली, शेतातल्या पाइपाच्या जोडाला लावतात ती. "पानी थांबतं तर हेबी थांबंल. दोनच येढे गुंडाळ."

२० नोव्हें., गुरु.
गप्प!! वाकवा, फिरवा, डोक्यावर घालून नाचा. काही नाही. मी खरंच नाचले.
क्लास एक नंबर. मॅडमचा अंगठा आला.
मामांना सांगायचं राहिलं. दिसलेच नाहीत.

२५ नोव्हें., मंगळ.
मामा बोलत नाहीत.
आधी लक्षातच आलं नाही. आता चारपाच दिवस होत आले. भाकरी झाकून ठेवते ती खातात, ताट धुऊन ठेवतात. पण खाकरणं नाही, हरभरा नाही, काही नाही. मी काय केलं? परवा वरणात मीठ जास्त झालं होतं. पण मिठावरून रुसणारा माणूस नाही तो.
ह्यांना रात्री जेवताना विचारलं. "तुझंच काही झालं असंल."
"काय झालं असेल?"
"मला काय माहीत? मी राहतो का घरी?"
विषय संपला. ह्यांचा.

२७ नोव्हें., गुरु.
आज विचित्रच. क्लास चालू, आणि एक मुलगा म्हणाला, टीचर, तुमच्या मागे आजोबा उभे आहेत. स्क्रीनवर माझ्या खांद्यामागे बघितलं तर दाराच्या फटीत मामांची टोपी. मी वळेपर्यंत कोणी नाही.
संध्याकाळच्या क्लासनंतर मुद्दाम लगेच बाहेर आले. मामा बाजेवर, डोळे मिटून. झोपले असतील म्हणून हाक मारली नाही. झोपले नव्हते बहुतेक.

२८ नोव्हें., शुक्र.
पक्कं झालं! मॅडमचा फोन. ह्यांना कळवलं, हे एवढे खूश की पेढे आणतो म्हणाले.
मग मामांना सांगायला गेले. "चांगलं झालं. तुझं काम व्हायलाच पायजे व्हतं," म्हणाले. चेहऱ्यावर खरंच बरं वाटलेलं होतं. आणि त्याच दमात, "येत्या सोमवारी मी पिंपळगावला चाललो. धाकट्याला सांगून टाकलं."
म्हटलं, किती दिवस?
"आता तिकडंच."
मी तिथेच खाली बसले. मग तेच म्हणाले, "तुला आधी इचारायचं व्हतं. दाराशी येऊन पाह्यलं चारदा. तू मोकळी हायेस का काम चालू हाये, समजंच ना. आधी ते कानाचं काढताना जोरात वाजायचं, मंग कळायचं, मोकळी झाली म्हनून."
रात्री पेढे आले, ते तसेच राहिले.

२९ नोव्हें., शनि.
डोक्याचा पार भुगा झाला.
टेप तर त्यांनीच दिली. करकर गेली की मी मोकळी झालेली कळणार नाही, हे त्यांना तेव्हा माहीत होतं का? कानाशी नेऊन एवढं ऐकत होते ते काय? की काही मनात नव्हतं, आणि मीच जोडते आहे?
आणि विचारायचं होतं म्हणजे काय? जाऊ का, असं? की राहू का, असं? दोन्ही एकच की वेगळं?
हे म्हणतात, बाबाचा जीव गावातच अडकलाय, जाऊ दे, मन लागंल. असेलही. पण मग माझ्या दाराशी चारदा कशाला आले?
सकाळी वाटलं, टेप काढून टाकावी. चाकू हातात घेतला होता. मग वाटलं, वा, मोठी शहाणी. त्यांनी माझी करकर ऐकत बसायचं, मी उठून दहा पावलं चालायचं नाही. लग्नाला सहा वर्षं झाली. कालची बातमी सोडली तर या माणसाशी मी एकदाही आपणहून बोललेली नाही. ते विचारणार, मी हो नाही म्हणणार. याला मी मान राखणं समजत होते. लाज वाटली स्वतःची.

३० नोव्हें., रवि.
हे बाजारात गेले. मामा खोलीत धोतरं पिशवीत भरत होते. जाऊन उंबऱ्याशी बसले. सुरुवात कशी करतात हेच मला माहीत नाही. हरभऱ्याचं विचारावं? शेवटी एकदम बोलूनच टाकलं, "मामा, काय विचारायचं होतं मला?"
"जाऊ दे आता. झालं ते."
"नाही. विचारा."
धोतराची घडी मोडली, परत घातली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझी अडचन व्हते का घरात, एवढंच."
मी नाही म्हटलं. लगेच म्हटलं, मोठ्याने म्हटलं. तुम्ही जाऊ नका, असंही म्हटलं. पण त्यांना ते खरं वाटलं, की सुनेने बोलायचं म्हणून बोललेलं, काही कळेना. मान हलवली. पिशवी भरायची थांबवली नाही, पण पेटीला हात लावला नाही. मग म्हणाले, "उद्या चहा जरा जल्दी टाक."
मी बरं म्हणून उठून आले, इथे बसून हे लिहितेय. गाडी पकडायची म्हणून जल्दी, की माझ्या सकाळच्या क्लासआधी सोबत प्यायचा म्हणून? पुन्हा बरं म्हणून आले मी. विचारलंच नाही.
उठते. अजून ते खोलीतच आहेत.