ऐकूबाईंची खुर्ची

३ फेब्रुवारी, सोमवार
रिकामी खुर्ची आजपासून सुरू केली. वाचताना मुलं पुस्तकाकडे नाही, माझ्या भुवयांकडे बघतात — चुकलं का, चुकलं का! म्हणून खिडकीपाशी खुर्ची ठेवली, वर उशी. सांगितलं, इथे ऐकूबाई बसतात. त्या दिसत नाहीत, रागवत नाहीत, चुका काढत नाहीत. नुसत्या ऐकतात. मुलं हसली, मग वाचायला रांग लागली.

दुसरीतल्या मुलांशी हे खोटं बोलणं झालं का? नवरा म्हणाला, आता खुर्चीचीही हजेरी घे.

५ फेब्रुवारी, बुधवार
खारूताई अजून गप्पच. (पेन्सिली कुरतडते म्हणून मुलांनी पाडलेलं नाव. मीही तेच वापरते — वाईट सवय.) वीस तारखेला तपासनीसबाई येणार. त्यांच्यासमोर एक परिच्छेद वाचता आला नाही, तर तिला परत पहिलीत बसवणार — धाकट्या भावाच्या वर्गात. तिची आई शिलाईच्या कारखान्यातून धावतपळत आली होती. म्हणाली, तसं झालं तर पोरगी पुन्हा शाळेचं तोंड बघायची नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
वाचते! मधल्या सुट्टीत, खुर्चीसमोर, बोट ओळीखाली. मी दाराआड उभी. एक शब्द वाचते, थांबते — कुणाला तरी तो पुन्हा म्हणायला वेळ द्यावा तशी. मग मान डोलावते, पुढचा शब्द. मी वर्गात अगदी असंच करते.

मी दिसताच पुस्तक मिटलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
सहज विचारलं, ऐकूबाईंना गोष्ट आवडली का? खारूताई म्हणाली, "बाई नाही, आजी आहे ती. तिला वाचता येत नाही. मी शिकवतेय."

यातलं मी काहीही सांगितलं नव्हतं. कौतुक वाटलं. आपल्यापेक्षा अडाणी कुणीतरी हवं होतं तिला, एवढंच! हे मला आधी का सुचलं नाही?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
उशीत कुणी बसल्यासारखा खळगा पडलाय. मुलं बसत असतील. झटकून सरळ केली, वर्गाला कुलूप लावलं. डबा खाऊन आले तर पुन्हा खळगा.

कौतुक कमी झालं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
"आजीला आता येतं," खारूताई.

२० फेब्रुवारी, गुरुवार
चूक माझी.

तपासनीसबाई मुख्याध्यापिकांबरोबर आल्या, बसायला काही आहे का म्हणाल्या. माझी खुर्ची मुख्याध्यापिकांना दिली होती, बाकी सगळे बुटके बाक. मी घाईत खिडकीतली खुर्ची पुढे ओढली. त्या बसल्या. अख्ख्या वर्गाचे डोळे खुर्चीकडे.

खारूताई फळ्यापाशी उभी, हातात पुस्तक. हळूच मला म्हणाली, "त्या आजीच्या मांडीवर बसल्यात." आणि ओठ घट्ट मिटले.

'जरा उठता का' — तीन शब्द. पण मुख्याध्यापिका बघत होत्या, माझं हसं झालं असतं. पोरीसाठी तीन शब्द निघाले नाहीत माझ्या तोंडातून!

दोन मिनिटं ती तशीच उभी. अक्षर नाही. मी तिच्यावरून नजर हलवली नाही. तपासनीसबाई खाली मान घालून तक्त्यात लिहीत होत्या. एकदा माशी हाकलावी तसा कानापाशी हात झटकला, मग म्हणाल्या, पुढचा.

संपलं. तिच्या आईला काय सांगू?

२४ फेब्रुवारी, सोमवार
तक्ता आला. खारूताईपुढे शेरा: "परिच्छेद पूर्ण वाचला. एकही चूक नाही. तिसरीस पात्र. आवाज म्हाताऱ्या माणसासारखा. घसा डॉक्टरांना दाखवावा. अगदी कानाशी येऊन वाचण्याची सवय मोडावी."

खाली छापील ओळ — 'वाचन माझ्यासमक्ष झाले.' त्याखाली वर्गशिक्षिकेची सही हवी.

केली.