आलोकचं तूप

२ मार्च

— लोणी कढत होतं. पाणी भरून झालेलं, कणीक तिंबलेली, ताक झाकून ठेवलेलं. आणि मागच्या दारातून आलोक आत आला. चिखलाने माखलेला! तेव्हा पंधरा वर्षांचा. आदल्या दिवशी ट्रकच्या ट्यूबा बांधून ग्वारीघाटावरून नर्मदेत निघाला होता. सगळे शोधून थकले. हा म्हणतो, "धुआँधार धबधब्याचा आवाज आला, उतरलो. चालत आलो. भूक लागली, आई." कढतं तूप पोळीवर ओतून घेतलं नि बसला खायला. माझे डोळे रडून सुजलेले — आणि त्याला हसू!

आज तीच सकाळ आठवत राहिली. भाऊराव येऊन गेले म्हणून.

३ मार्च

काल पुढचं लिहवलं नाही. भाऊराव, माझे धाकटे दीर, म्हणाले, "वहिनी, काहून अडवून ठेवलं? दोन वर्षं झाली. पोरगं अधांतरी आहे. पळसाचं करून टाकू."

देह मिळाला नाही की पळसाच्या पानांचं माणूस करतात. डोक्याच्या जागी नारळ. मग त्याला अग्नी. माझ्या आलोकचं तसं!

"पाहू," म्हटलं. चहा दिला.

९ मार्च

रविवार. आलोकच्या फोनचा वार.

त्याचे वडील म्हणाले होते, फॅक्टरीत लाग. हा म्हणाला, "बाबा, रोज त्याच गेटातून जायचं?" इंजिनियर झाला नि नॉर्वेला गेला. समुद्राच्या तळाखालून बोगदे खणायचा. "आई, वरून जहाज चाललंय नि मी खाली चहा पिऊन राहिलो!" सुट्टीच्या दिवशी एकटाच होडी घेऊन निघायचा. होडी सापडली. उलटी. तो नाही.

मी पाचवी शिकलेली. वाचायला लागले ते त्याची जुनी पुस्तकं चाळून. गार समुद्राचंही वाचलं. माणूस त्यात किती टिकतो, ते लिहिलेलं होतं. पान उलटलं.

१६ मार्च

भाऊराव मला पानं पाहायला पाटणच्या रस्त्याला घेऊन गेले. दोन्ही बाजूंना पळस लालभडक फुललेला. पान एक नाही! ऑटोवाला हसला — "अम्मा, अभी तो फूल का मौसम है. पत्ते बैसाख में आएँगे." भाऊराव चिडले.

मला बरं वाटलं. देवा, किती बरं वाटलं!

६ एप्रिल

मदन महलला गुरुजींकडे एकटीच गेले. विचारलं, "सगळं केलं, आणि तो आला तर?"

वाटलं, हसतील. नाही हसले. म्हणाले, त्याचीही सोय शास्त्रात आहे. असा माणूस परत आला तर त्याला तुपाने न्हाऊ घालायचं. नुकता जन्मला असं समजून पुन्हा बारसं करायचं.

"तूप किती लागतं?"

"अंगभर पुरेल इतकं, ताई."

येताना गवळ्याला दूध वाढवून सांगितलं.

२० एप्रिल

साय जमवते, विरजते, कढवते. वेगळ्या डब्यात ठेवते. कुणाला सांगितलं नाही. नाव आलोकच ठेवीन.

भाऊरावांना हो म्हटलं.

४ मे

पानं आली. भाऊरावांनी पोतंभर आणली.

आज घाटावर झालं. गुरुजींनी उंची विचारली. "दारातून वाकून यायचा," एवढंच मला सांगता आलं. ओली पानं — धूरच फार. नारळ तेवढा उशिरा फुटला.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं नाही.

११ मे

रविवार. डब्याचं झाकण उघडून पाहिलं. रवाळ, छान झालंय. त्याला असंच आवडायचं.

१५ मे

उद्या तेरवी. घर माणसांनी भरलंय. स्वयंपाकघरातून जाऊबाई ओरडल्या, "वहिनी, लाडवांना तूप कमी पडून राहिलं! सकाळी वळायचे आहेत. बाजारातून आणवू का?"

"सकाळी पाहू," म्हटलं.

१६ मे

सकाळी आलोकचा डबा काढून दिला. सगळा.