मीरा रोड ते जिनिव्हा, व्हाया हाथाजोडी

१ जानेवारी
संकल्प. आजवरचं आयुष्य ऑफिस, घर आणि सोसायटीच्या मीटिंगा यांत गेलं. उरलेलं पृथ्वीसाठी. 'ग्लोबल वाइल्ड फ्रेंड्स' या आंतरराष्ट्रीय संस्थेचा ऑनलाइन अर्ज भरला. मुख्य कार्यालय जिनिव्हा. नामशेष होत चाललेले प्राणी वाचवतात. त्यांना मीरा-भाईंदरसाठी सिटी अँबॅसेडर हवाय. निवड झाली तर जूनमध्ये जिनिव्हाच्या परिषदेला नेणार. माझा पासपोर्ट काढल्यापासून कोरा आहे.

अनुभवाच्या रकान्यात लिहिलं, वन्यजीवांशी जुना संबंध. खोटं नाही. बोरिवलीच्या नॅशनल पार्कला दोनदा गेलोय. एकदा सोमवार असल्याने बंद होतं, त्याला मी काय करणार?

मृणालिनीला सांगितलं. म्हणाली, बरं झालं, आता अँबॅसेडरसाहेबांनी जरा दळण आणावं. मोठ्या कामाची घरात किंमत नसते.

४ जानेवारी
मृणालिनी हॉलमध्ये दहावीच्या मुलांना सायन्स शिकवत होती, तेव्हा हळूच कपाट उघडलं. स्वेटरांच्या मागून चांदीची डबी काढली. डबीत हाथाजोडी. विंध्य पर्वतातल्या दुर्मीळ झाडाचं मूळ. दोन हात जोडल्यासारखं दिसतं. अकरा वर्षांपूर्वी भाईंदरच्या केबिन रोडवर एका भगव्या कपड्यातल्या माणसाकडून घेतलं. शेंदूर लावला, लवंग ठेवली, कपाळाला लावलं, मग दोन्ही डोळ्यांना. म्हटलं, जिनिव्हा.

ही अंधश्रद्धा नव्हे. वनस्पती आहे. वनस्पतीत ताकद असते, हे सायन्सच म्हणतं. मूळ घेतलं त्याच वर्षी मला प्रमोशन मिळालं. मृणालिनीला असल्या गोष्टींचा तिटकारा, म्हणून सांगितलेलं नाही. संसारात थोडी गुप्तता हवी.

११ जानेवारी
शॉर्टलिस्ट झालो! मुळाचा गुण. आता स्पर्धेत दोघंच. मी आणि भाईंदरच्या कोणी संचिता भोईर. ती म्हणे कित्येक वर्षं मिठागरांवर पक्षी मोजतेय. मोजायला काय लागतं? संध्याकाळी खाडीवर जाऊन मीही मोजले. बत्तीस फ्लेमिंगो. फोटो मुलीला दाखवले. इशिता म्हणाली, बाबा, हे बगळे आहेत.
बगळेसुद्धा वन्यजीवच.

१८ जानेवारी, सकाळ
आज ऑनलाइन ट्रेनिंग. पुण्याहून रुचिता मॅडम शिकवणार. विषय: प्राण्यांच्या अवयवांचा जागतिक चोरटा व्यापार. नवीन पेन काढलंय.

१८ जानेवारी, दुपार
पेन सापडत नाही.

सुरुवात छान झाली होती. वाघनखं, हस्तिदंत, खवल्या मांजराचे खवले. लोक इतके अडाणी कसे, म्हणून मी चॅटमध्ये संतापसुद्धा व्यक्त केला. पुढच्या स्लाइडवर माझी हाथाजोडी. शेंदरासकट.

रुचिता मॅडम म्हणाल्या, असं कुठलंही झाड नाही, असं कुठलंही मूळ नाही. ही घोरपड आहे. म्हणजे घोरपडीच्या नराचा एक अवयव, कापून वाळवलेला. कोणता ते इथे लिहीत नाही. रोजनिशी खासगी असली तरी घरात मुलगी आहे.

अकरा वर्षं कपाळाला लावलं. दोन्ही डोळ्यांना लावलं.

तीनदा तोंड धुतलं. मृणालिनी म्हणाली, कुठे जायचंय का?

१९ जानेवारी
माहिती काढली. आंतरराष्ट्रीय करारात घोरपड पहिल्या यादीत. आपल्या कायद्यातही पहिल्याच. म्हणजे वाघाच्या रांगेत. घरात ठेवलं तरी तुरुंग.

शांतपणे विचार केला. एक, मी घोरपड मारलेली नाही. दोन, मी आदराने ठेवलीय, रोज शेंदूर. जिवंतपणी तिला एवढा मान कोणी दिला असता? उद्या सकाळी वनखात्याकडे जाऊन देऊन टाकायची. ठरलं.

२० जानेवारी
गेलो नाही. नीट विचार करता हे घाईचं होईल. ९ फेब्रुवारीला मुलाखत आहे. ज्या वस्तूने इथवर आणलं, ती ऐन वेळी घराबाहेर काढायची? मी अँबॅसेडर झालो तर हजारो घोरपडी वाचवीन. तेव्हा घोरपडींच्या भल्यासाठीच ती मुलाखतीपर्यंत कपाटात हवी.

२ फेब्रुवारी
नवीन अडचण. मुलाखतीआधी प्रतिज्ञापत्र द्यायचंय: माझ्या घरात वन्यप्राण्यापासून बनलेली कोणतीही वस्तू नाही. मी खोटं लिहिणारा माणूस नाही. म्हणून डबी शेजारच्या हंसाबेनना नेऊन दिली. म्हटलं, मृणालिनीच्या वाढदिवसाची गंमत आहे, थोडे दिवस ठेवा. मग घरी येऊन सही केली. घर स्वच्छ.

संध्याकाळी हंसाबेननी हाक मारली. डबी उघडून पाहिली होती. मला वाटलं संपलं. तर आनंदाने म्हणाल्या, अरे काशीभाई, आ तो हमारे यहाँ भी है! सासूमा ने दिया था. मी दोन्ही एकाच ताटात ठेवल्यात, रोज पूजा करीन, तुम्ही टेन्शन लेना नहीं.

सांगणार होतो. पण हंसाबेन कांदा खात नाहीत, लसूण खात नाहीत, जिन्यात मुंगी दिसली तर थांबतात. हे ज्ञान त्यांना कोणत्या तोंडाने द्यायचं? मुलाखतीनंतर सांगू.

९ फेब्रुवारी
मुलाखत. रुचिता मॅडम आणि जिनिव्हाहून हेन्रिक नावाचे गोरे गृहस्थ. संचिता भोईर आधी बोलली. तिने मिठागरं कधी आटतात, पक्षी कधी कमी होतात, सगळं तोंडपाठ सांगितलं. मग मला विचारलं, प्रत्यक्ष काय केलंत?

बगळे आठवले. आणि तोंडातून निघून गेलं की आमच्या बिल्डिंगमध्ये मी एक हाथाजोडी शोधून काढली. मालकाचं मन वळवतोय. अकरा वर्षांची श्रद्धा आहे बिचाऱ्याची, पण माणूस सज्जन आहे.

हेन्रिकसाहेबांनी भराभर लिहून घेतलं. रुचिता मॅडमचे डोळे चमकले. यात असत्य कुठेच नाही.

१२ फेब्रुवारी
निवड झाली!!! सिटी अँबॅसेडर, मीरा-भाईंदर. आनंद पोटात मावेना. स्टेशनजवळून पेढे आणले. मृणालिनीने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, खरंच, मला वाटलं नव्हतं हो. इशिताने फोटो टाकला: प्राउड ऑफ यू बाबा. दोनदा डोळे पुसले.

मेलच्या शेवटी एक ओळ. ३ मार्चला जागतिक वन्यजीव दिन. तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम घेऊ. ती हाथाजोडी वनखात्याच्या स्वाधीन करावी. जाहीरपणे.

१५ फेब्रुवारी
प्लॅन पक्का. डबी मीच देणार, मालकाचं नाव गुप्त ठेवणार. आंतरराष्ट्रीय कामात गोपनीयता पाळतात.

हंसाबेनकडे गेलो. ताटात दोन हाथाजोड्या, दोन्हींवर सारखाच शेंदूर. एक छोटी, एक मोठी. हंसाबेन आतून म्हणाल्या, आपकी ले लो काशीभाई. मी जरा विचार केला आणि मोठी उचलली. कार्यक्रमात मागच्या रांगेपर्यंत दिसायला हवी.

३ मार्च
हॉल भरला होता. पुढे मृणालिनी, इशिता, हंसाबेन, आणि पुण्याहून आलेल्या रुचिता मॅडम. संचिता भोईरसुद्धा आली होती, टाळ्या वाजवायला. मी जगाच्या जंगलांवर बोललो, आणि अकरा वर्षं श्रद्धेने हाथाजोडी जपणाऱ्या एका सज्जन मालकाबद्दल, नाव न घेता. मग डबी काढून वनपालसाहेबांच्या हातात दिली. फोटो. टाळ्या.

मृणालिनी उभी राहिली. म्हणाली, ही डबी माझ्या आईची आहे. कुंकवाची. अकरा वर्षं शोधतेय मी ही.

टाळ्या थांबल्या. हॉलमध्ये लोक हिशोब करू लागले. अकरा वर्षं, सज्जन मालक. इशिताने मान खाली घातली.

वनपालसाहेब भला माणूस, विषय बदलायला म्हणाले, आधी तपासून तर बघू. सुई तापवली, टोचली. वास आला. बादली वितळल्यासारखा. म्हणाले, प्लास्टिक आहे. बाजारात साच्यातून काढून विकतात. यावर केस होत नाही, घरी न्या.

कोणीतरी हसलं. मग सगळेच.

मला सावरायचं म्हणून हंसाबेन उठल्या. म्हणाल्या, हसने का क्या है इसमें, हमको भी सबने मूळ बोलके ही दिया, मेरावाला भी देखो. आणि घरी जाऊन स्वतःची घेऊन आल्या. सुई पुन्हा तापवली. या वेळी केस जळाल्यासारखा वास आला. वनपालसाहेब एकदम गंभीर झाले. म्हणाले, ही खरी आहे.

रुचिता मॅडमनी हंसाबेनना बाजूला नेऊन ते काय असतं ते सांगितलं. त्या खालीच बसल्या. म्हणाल्या, मैं इसको रोज हाथ जोडती थी, बेन. जीव मारके लाए थे और मैं हाथ जोडती थी. इतकं रडणं मी त्यांचा नवरा गेला तेव्हाही पाहिलं नव्हतं. वनपाल म्हणाले, स्वतःहून दिलीय, घाबरू नका, पण जबाबाला ऑफिसात यावं लागेल.

आम्ही घरी आलो. मृणालिनी भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त डबी उकळत्या पाण्यात टाकली.

५ मार्च
जिनिव्हाहून मेल. भाषा फार सभ्य. अँबॅसेडर आता संचिता भोईर. तिचा लगेच फोन आला, काका, रविवारी पक्षी मोजायला येता का? पाहतो म्हटलं.

हंसाबेन तिसऱ्या दिवशीही जेवलेल्या नाहीत. पापाचा उपवास म्हणतात. मृणालिनी दोनदा जाऊन आली, समजावून थकली.

६ मार्च
डोक्यात एक विचार घुसलाय. माझी हाथाजोडी छोटी होती. नक्की छोटी. मी हावरटपणे मोठी उचलली. म्हणजे प्लास्टिकची हंसाबेनची, आणि खरी माझी!

हे पटतं. उगाच का प्रमोशन मिळालं?

पण मग पापही माझंच. जबाब द्यायला मी जायला हवं. कदाचित तुरुंग. आणि खरी माझी नसेल, तर मी निर्दोष. फक्त अकरा वर्षं बादलीला नमस्कार करत होतो. गुन्हेगार व्हायचं की मूर्ख? उद्या ठरवू.

७ मार्च
उद्या.

८ मार्च, सकाळ
भिंतीपलीकडून हंसाबेनच्या खोकल्याचा आवाज येतो. पूजेची घंटी बंद आहे. मला फार वाईट वाटतंय. ते कोणत्याही अर्जात लिहिण्यासारखं नाही.

जातो. सांगून टाकतो. जबाबही मीच देईन. मृणालिनीला सांगितलं. तिने माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली.

८ मार्च, दुपार
गेलो. हात जोडून म्हटलं, हंसाबेन, अदलाबदल झाली होती. ती खरी माझी. तुमची प्लास्टिकची. पाप माझं आहे, तुम्ही जेवा.

त्या म्हणाल्या, नहीं काशीभाई. मेरावाला को तो बाजू में तडा था, शेंदूर लावताना रोज बोटाला लागायचा. आपका वो बडावाला ही था. एकदम चिकना, हलका. पहले दिन ही मला समजलं प्लास्टिक छे. पर बोलूं कैसे? भाई को बुरा लगेगा.

मी तरीही म्हटलं, नीट आठवून बघा, माझी छोटीच होती. आग्रहाने म्हटलं. त्यांना माझी दया आली असावी. आधी ओठ हलले, मग खांदे, आणि मग त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. हसता हसता उचकी लागली. मी पाणी दिलं. त्या प्यायल्या. मग डब्यातला खाखरा काढून अर्धा मला दिला, अर्धा स्वतः खाल्ला.

जबाबाला त्या मंगळवारी जाणार आहेत. सोबत मी आणि मृणालिनी. रिक्षाचं माझ्याकडे आहे.

म्हणजे पक्कं झालं. माझी प्लास्टिकचीच होती. माझ्यामुळे आजवर एकही घोरपड मेली नाही. एकही वाचलेली नाही.