धोंड्याला आलेली जीप

मु. पिंपळगाव रेणुकाई
धोंडा सरला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात

तीर्थस्वरूप साळूआक्काला धाकट्या चतुराचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. दाजींनाबी सांग.

रेणुकाईच्या किरपेनं इकडं समदे खुशाल हाय. तुझ्या गुडघ्याचं कसं काय? एरंडाचं पान तव्यावर गरम करून बांधत जा, धावड्याच्या डाक्टरच्या गोळ्यांनी नुसती झोप येती आन् गुडघा जागाच राहतो. दाजींचा खोकला राह्यला का? कागद लिहायचं कारण म्हणजे आक्का, मला लई आनंद झालाय, आन् आनंदाचं माझं असं हाय की सांगितल्याबिगर पचत न्हाई. (काना-मात्रा चुकली तर समजून घे. बापानं चौथीतून काढलं तवा मास्तर रडला होता, का हसला होता, आता आठवत न्हाई.)

तुला ठाऊकच हाय, औंदा जेठात धोंडा आला. धोंड्यात लेक-जावयाला बोलवावं, पुरणाचे धोंडे खाऊ घालावे, अनारशाचं वाण द्यावं आन् मंग वाटेला लावावं, ही आपली रीत. माझी बेबीनंदा लग्नापसून धड माहेरी राह्यली नव्हती. सणाला यायची ती पाहुण्यावानी, चहा निवायच्या आत परत. औंदा मात्र जावई साहेबराव म्हणाले येतो, आन् आले ते सोताच्या जीपमधी. जीप म्हणजे कुणाची तरी जुनी घेतलेली, पण हिरवा रंग मारलेला, पुढं काचेवर सोनेरी झिरमिळ्या. स्टँडापसून आमच्या दारापोस्तर ती ढकलत आणली चार गड्यांनी. जावई आत स्टेरिंग धरून बसलेले, जसा काय मिरवणुकीतला नवरदेव. बेबी मागून ढकलत होती, कडेवर लेकरू. मी भाकरतुकडा घेऊन दारात उभी, कुणावरून ओवाळावा ते कळंना. गाडीवरूनच ओवाळला.

आता माझ्या भुजंगाचं तुला सांगायला नको. मिसरूड फुटायच्या आधीपसून तो ह्या लाइनीत हाय. ट्रॅक्टर म्हणू नको, मळणीयंत्र म्हणू नको, फटफटी म्हणू नको, स्टँडावरच्या त्याच्या गॅरेजातून कुठलं इंजिन रडत गेलं न्हाई. पण ह्या जीपनं त्याला रडवलं. कंपनी आपल्याच देशातली हाय, नाव लिहीत न्हाई, बिचारे तेबी पोटासाठीच करत असतील. भुजंगानं कार्बोरेटर साफ केला तर रेडिएटर गळायला लागला. रेडिएटर झाळला तर क्लच गेला. क्लच प्लेट आणायला तो एसटीनं नवीन जालन्याला गेल्ता, राधेश्यामशेठच्या दुकानात. आणली तर भोकंच जुळंनात. गाडीबी त्याच कंपनीची, प्लेटबी त्याच कंपनीची, डब्ब्यावर शिक्का बराबर, आन् दोघींचं सवतीवानी पटंना. परत घेऊन गेला तर राधेश्यामशेठ म्हणाले, भाऊ, माल बराबर है, तुमची गाडीच बराबर न्हाई. मंग कळलं की कंपनी दर साली भोकं बदलती आन् कुणाला सांगत न्हाई. भुजंगानं कानशीनं घासून घासून भोकं मोठी केली. क्लच बसला, तर ब्रेक गेले. पोरगं जेवता जेवता हातातली भाकर तशीच धरून बसायचं. एकदा म्हणालं, आई, ज्यानं ही गाडी बनवली त्याला एकदा हिच्याखाली निजवायला पाहिजे.

आन् जावई बाजेवर. धोंड्यातला जावई म्हणजे नारायणाच्या ठिकाणी, त्याला कोण बोलणार. तिथून लोळत लोळत सांगायचे, अमका नट ढिला हाय, तमकी वायर पाह्य. मेव्हण्या, तुला येत नसंल तर तसं सांग. भुजंग गाडीखालून म्हणायचा, हो दाजी. मी चुलीपुढून म्हणायची, अजून एक धोंडा घ्या. (तुपाचं भांडं रिकामं झालं आक्का. म्हैस माझ्याकडं पाहून मान फिरवती.)

जावयांनी एक चूक केली. स्टँडावर चार लोकांत बोलले की साहेबरावाची बायको आली जीपमधी आन् जाईल बी जीपमधी, जीपवाल्याची बायको काय एसटीत दाटीवाटी करती का. समद्या गावानं ऐकलं. चहावाल्यानं तर दुसऱ्यांदा म्हणायला लावलं. माणूस बोलला की बोलला. त्यामुळं जीप दुरुस्त होईस्तोवर बेबी इथं, लेकरू इथं. मला काय, सोन्याहून पिवळं.

आता पुढचं लिहिते ते दाजींना वाचून दाखवू नको.

गाडीचा सेल्फ चालत न्हाई. म्हणून पुढून लोखंडाचं हँडल घालून फिरवायचं. एकदा भुजंगानं गाडीखालून आवाज दिला, बेबे, हँडल दे. ती घेऊन निघाली, तशी तिचं लेकरू, आमची नात परभा, पाटावरून उठली आन् कणगीमागं जाऊन बसली. मी म्हणलं उंदीर दिसला असंल. दुसऱ्या खेपेलाबी तसंच. मंग एक दिवस मी बेबीला न्हाऊ घालायला बसले, पाठीला तेल लावावं म्हणून. आक्का, माझा हात तिथंच राह्यला. हे काय ग, म्हणलं. म्हणाली, हँडल लागलं. खोटं न्हाई बोलली. हँडलच लागलेलं होतं.

हळूहळू सांगितलं तिनं. गाडी चार लोकांत बंद पडली की साहेबरावांची मान खाली जाती. गाडीला मारून काय उपयोग, लोखंडाला लागत न्हाई. मंग घरी आल्यावर. म्हणून ती भुजंगाला म्हणाली, दादा, एवढी चांगली करून दे, की बंदच पडू न्हाई. बाकी काही नको मला.

त्या दिसापसून भुजंग जसा काय देवाला लागला. समदं इंजिन खोललं, एकेक वस्तू राकेलात धुतली, पुसली, परत बसवली. आन् आक्का, गाडी चालू झाली. भोकरदनपोस्तर जाऊन आली, घाट चढली, ओढा उतरली. बेबीनं देवापुढं साखर ठेवली. आन् परत येऊन आमच्या दारात, आमच्याच उंबऱ्यापुढं, बंद पडली. जावई उतरले. बेबीकडं नुसतं पाह्यलं. परभा कणगीमागं. भुजंग फडक्यानं हात पुसत बसला, पुसून झाले तरी पुसतच होता. मंग मला म्हणाला, आई, बंदच पडणार न्हाई अशी गाडी मला करून देता येत न्हाई. कुणालाच येत न्हाई.

दुसऱ्या दिसापसून जीप बिलकुल गप झाली. हँडल मारा, ढकला, उतारावरून सोडा, हूं न्हाई का चूं न्हाई. जावई तापले. भोकरदनहून देवानंद मिस्तरीला घेऊन आले, मोठं नाव हाय त्याचं. त्यानं बोनेट उघडलं, आत वाकला. लई टाइम वाकलेला राह्यला. मंग वर होऊन भुजंगाकडं पाह्यलं. बेबीनं पाणी आणून दिलं, तांब्या धरलेल्या हातावरचा पदर सरकला, तिथला वळ त्यानं पाह्यला. पाणी पिला, बोनेट लावलं आन् म्हणाला, साहेबराव, इंजिनच गेलंय, ह्याला हात लावणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

तेवढ्यात धोंडा सरला. वडाची पुनव तोंडावर आली आन् बेबीच्या सासूचा निरोप आला, सुनेला वडाला दोरा गुंडाळायला लावून दे. (सात जल्म हाच नवरा मिळावा म्हणून. ह्या एका जल्माचा हिशेब कुणी विचारत न्हाई.) जावयांनी बेबीला स्टँडापोस्तर नेलं, म्हणाले चल, एसटीनं जाऊ. चहावाला तिथंच उभा होता. म्हणाला, पाव्हणं, एसटीनं? समदं स्टँड हसलं. जावयांनी दात खाल्ले आन् बेबीला म्हणाले, येतीस का न्हाई. माझी बेबी, जी त्यांच्यापुढं मान वर करत नव्हती, ती म्हणाली, गाडी चालू झाली की येते.

एकटेच गेले एसटीनं, उभे राहून. आनंद सांगायचा होता तो हा. परभा आता दिवसभर बडबडती, त्याच जीपमधी बसून तोंडानं भुर्र करती. कोंबडीनं मागच्या सीटवर अंडी घातली.

दाजींना नमस्कार, लेकराबाळांना गोड मुका. तुझी धाकटी, चतुरा.

ता. क. हा कागद घेऊन येणाऱ्या चांगुणाबाई कासारणीच्या टोपल्यात, बांगड्यांच्या खाली, फडक्यात बांधलेली एक काळी वस्तू हाय, सुपारीहून थोडी मोठी. त्याला रोटर म्हणतात, त्याच्याबिगर इंजिनाला करंट जात न्हाई. गाडी दारात बंद पडली त्या सांजेला भुजंगानं माझ्या मुठीत ठेवला, म्हणाला, आई, देवाऱ्यात ठेव, आन् मी मागितला तरी मला देऊ नको. ती वस्तू तुझ्या ज्वारीच्या कणगीत खाली घाल. जावयाचं मला भ्या न्हाई, भ्या भुजंगाचं हाय. मिस्तरी माणूस, बंद गाडी त्याला पाहवत न्हाई, येता-जाता बोनेटवर हात फिरवत राह्यलाय, देवाऱ्याकडं पाहत राह्यलाय. तो आला, पाया पडला, रडला, तरी देऊ नको.

ता. क. दुसरा. हँडल मी ठेवून घेतलंय. म्हशीच्या रेडकाला बांधायला खुंटा म्हणून ठोकलं, लई मजबूत हाय. परभा त्या खुंट्याला धरून उभी राहती आता.

ता. क. तिसरा. जावयांनी नवा रोटर आणला तर, असं तुझ्या मनात येईल. माझ्याबी आलं होतं. भुजंगाला विचारलं. लई दिसांनी हसलं माझं पोरगं. म्हणालं, आई, ह्या कंपनीचा नवा माल ह्या कंपनीच्या गाडीला कधी बसलाय का?