धमाका न ऐकलेला माणूस

७ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

फोन बिघडलाय, म्हणून पत्र. काल संध्याकाळी वर्कशॉपचं शटर ओढत होतो, तेवढ्यात अख्खा रस्ता लख्ख उजळला. हिरवट-पांढरा आगीचा गोळा पाण्याच्या टाकीवरून आडवा गेला, त्याचे तीन तुकडे झाले नि विझला. माझीच सावली माझ्याभोवती गर्रकन फिरली! शेजारी कोणी असतं तर म्हटलं असतं, बघ. दोनेक मिनिटांनी सगळी गल्ली घराबाहेर धावली. मी हसलो. आता काय बघणार, खेळ खलास! मग एकट्यापुरता चहा टाकला.

लोभ असू दे. रागावलीस तरी चालेल.

तुझा धाकटा

१२ नोव्हेंबर

चि. कानसेनास अनेक आशीर्वाद.

उल्का मीही पाहिली. पण गल्ली बाहेर धावली ती बघायला नव्हे रे. दोन मिनिटांनी जो धमाका झाला, त्याने इतक्या लांब आमच्याकडेही फळीवरचे डबे खाली आले. मोटारीला स्क्रूड्रायव्हर टेकवून, त्याची मूठ कानाला लावून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा तू. तुझ्या पत्रात आवाजाचं नावच नाही! आणि दुनियेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याचा फोन बिघडलेलाच राहतो? खरं काय ते लिही. थापा गिऱ्हाइकांना मार.

तुझी ताई

१६ नोव्हेंबर

ती. ताईस,

पकडलंस. फोन ठणठणीत आहे. डावा कान गेल्या वर्षी गेला, उजवाही आता जवळजवळ गेलाच. डॉक्टर यंत्र लाव म्हणतात. पण कानात यंत्र घातलेल्या माणसाकडे मोटार कोण आणणार? म्हणून अजून मूठ कानाला लावतो, डोळे मिटतो नि अंदाज ठोकतो. परवा चांगलं बेअरिंग काढून टाकलं. गिऱ्हाईक वाहवा करत गेलं. धंदा बंद करावा म्हणतो.

एक सांगू? तो गोळा मुकाट्याने गेला असंच मी समजत होतो. वाटलं, निदान आज तरी सगळ्यांना माझ्याइतकंच ऐकू आलं. तुझं पत्र येईपर्यंतचे दिवस बरे गेले.

तुझा धाकटा

१९ नोव्हेंबर

चि. बाळास आशीर्वाद.

शुक्रवारी दुपारच्या गाडीने येते. शनिवारी दोघं डॉक्टरकडे जाऊ. धंद्याचं त्यानंतर बघू. घरातच थांब आणि दाराची कडी काढून ठेव. मी वाजवणार नाही, सरळ आत येईन.

ताई