दाराकडची जागा
पौष वद्य चतुर्थी, शहाड

आजही गिरणीचं इंजिन सुरू होईना. खालच्या दिव्यावर त्याची नळी तापवली, पण थंडीत ती लालच होईना, आणि ती लाल झाल्याशिवाय इंजिन लागत नाही.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, म्हातारं झालंय, मोडीत द्या."

"मग तुम्हालाही देते!" म्हटलं, पण आतून हबकले. हे वारल्यावर गिरणीच तेवढी उरलीय.

मग दिसलं, नदीकडच्या दारातल्या वाऱ्याने ज्योत वाकतेय. धुरामुळे दार लावता येत नाही. इंजिन लावताना तिथेच हे उभे राहायचे. मी ओरडायचे, "खांबासारखे काय उभे? हात हलवा!"

दाराकडे पाठ करून उभी राहिले. नळी लाल झाली, इंजिन लागलं.

पाठ अजून गार आहे. ह्यांची किती हिवाळे गारठली, एकदाही बोलले नाहीत. मी बोलू दिलं असतं तर ना.