शबनम आणि बाभळीचं खोड

५ जानेवारी
मस्तगडच्या मच्छिंद्रकडून वरातीची घोडी, शबनम, टेंभुर्णीला आणली. तो म्हणाला, "सर, नाचाया सांगा, फर्स्टक्लास नाचती. उडीचं बिलकुल काढू नका." माझ्या मुलीला, आकांक्षाला, अडथळ्यांवरून घोडा उडवायचा आहे. फेब्रुवारीत रायडिंग अकादमीची निवड चाचणी. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची. कोच म्हणून मी पुरेसा आहे का? सगळे व्हिडिओ पाहिले. पुरेसा आहे.

८ जानेवारी
बाभळीचं खोड आडवं टाकलं. शबनम त्याच्यापाशी थांबली. घाबरते. परण्याला, म्हणजे लग्नाआधी वाजतगाजत देवळाला जाताना, मारुतीपुढे नवरदेव उतरला, की घोडीला हरभऱ्याची भिजवलेली डाळ देतात. तीच खोडासमोर ठेवली. प्रेमाने शिकवणे ही आधुनिक पद्धत. पत्नी दैवशाला पुरणाची डाळ शोधत होती. मी गप्प राहिलो. तिच्याशी हे खोटे बोलणे झाले का? बहुधा.

१४ जानेवारी
प्रगती! खोड दिसताच शबनम स्वतःहून धावते. मग थांबते. आकांक्षा मात्र थांबत नाही. पलीकडे कडबा पसरला आहे. कडब्यातून म्हणाली, "पप्पा, उडी मीच मारून राह्यले, घोडी न्हाई."
उद्धटपणा की निरीक्षण? निरीक्षण. तरी रागावलो.

१५ जानेवारी
आकांक्षाच्या मते शबनमला खोड म्हणजे मारुतीच वाटतो. "डाळ अलीकडं ठेवल्यावर ती थांबंल न्हाई तर काय करंल?" मुद्दा बरोबर. डाळ पलीकडे ठेवली. शबनम खोडाला वळसा घालून गेली. जनावर हुशार आहे.

२३ जानेवारी
खोड काढून ठिबकची नळी आडवी टाकली. शबनमने अडथळा पार केला. (चालत. लिहायलाच हवे.) दैवशाला म्हणाली, "नळी तरी कशाला? रेघ मारा." आत्मविश्वास असाच पायरीपायरीने वाढतो, हे तिला कोण सांगणार?

८ फेब्रुवारी
चाचणी. पहिल्याच ओंडक्यापाशी शबनम थांबली. मान खाली घालून डाळ शोधू लागली. परत फिरवून आणली, परत थांबली. तिसऱ्यांदाही तेच. आकांक्षा बाद. कुणीतरी विचारलं, "नवरदेव कुठंय?" मैदान हसलं. आकांक्षा खोगिरावरून उतरली, घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिली.
परतताना टेम्पोत तिला म्हणालो, "खचायचं नाही. पुढच्या वर्षी जोरात तयारी करू." ती म्हणाली, "हो, पप्पा."
आता लिहिताना आठवलं. तिला पुढची चाचणी नाही. 'हो' म्हणताना तिला ते माहीत होतं.